नियम निघाला, आता करायचं काय?

आपल्याच नोंदींमधून मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या नोंदींवरून यंत्राला शिकवून, नियम काढता येतात, असं मागे या सदरात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: यंत्राने नियम काढून हातात दिला, पुढे त्याचं करायचं काय? त्यातली चार पत्रं थोडी आटोपशीर करून इथे घेतली आहेत. दोघांनी नाव छापू नका म्हणून कळवलं होतं, म्हणून उरलेल्या दोघांचीही नावं गाळली.

प्रश्न : ताई, मिरजेत माझं किराणा दुकान आहे. दोन वर्षं झाली, बिलं कॉम्प्युटरवर निघतात. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याने सगळी बिलं कुठल्याशा प्रोग्रॅममध्ये घालून तीनशेच्या वर नियम काढले. पहिलाच नियम, ‘चहा पावडर घेणारा साखर घेतो’! हे मला वडिलांनी गल्ल्यावर बसवलं तेव्हापासून ठाऊक आहे. मग हा खटाटोप कशासाठी? आणि ते ‘डायपर नेणारा बिअरही नेतो’ असं सांगतात, ते डायपर-बिअरचं प्रकरण खरं की गंमत?

उत्तर : पुतण्यावर चिडू नका, त्याने अर्धं काम चांगलं केलंय. त्याने वापरलेली पद्धत बहुधा ‘अप्रायोरी’ असावी. राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांनी आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत काम करताना ती १९९४ साली मांडली. जी वस्तू मुळातच क्वचित खपते तिच्या जोड्या मोजत बसायचंच नाही, ही त्यातली मेख. त्यामुळे लाखो बिलांवरूनही हिशोब झटपट होतो. पण दुकानदाराला आधीच काय ठाऊक आहे, हे त्या प्रोग्रॅमला कोण सांगणार?

एका बिलाच्या पाठीवर हा हिशोब मांडून बघा. समजा १००० बिलं आहेत. २०० बिलांवर चहा पावडर आहे, आणि त्यातल्या १३० बिलांवर साखरही आहे. म्हणजे नियमाची खात्री ६५ टक्के. ऐकायला भारी वाटतं. आता सगळ्या १००० बिलांमधली साखर मोजा. ती ६०० बिलांवर निघाली, तर चहा घेवो न घेवो, साखर ६० टक्के लोक नेतातच. ६५ ला ६० ने भागलं की १.०८ येतात. याला लिफ्ट म्हणतात. लिफ्ट एकच्या आसपास असेल तर नियम केराच्या टोपलीत टाका. उलट पोहे १२० बिलांवर, त्यातल्या ५४ बिलांवर शेंगदाणे, आणि एकूण शेंगदाणे फक्त १५० बिलांवर, असं असेल तर खात्री ४५ टक्केच, पण लिफ्ट ३. हा नियम चहा-साखरेपेक्षा कितीतरी वजनदार आहे, आणि पुतण्याच्या यादीत तो खाली कुठेतरी पडलेला असणार, कारण त्याने यादी खात्रीच्या उतरत्या क्रमाने लावली असेल. ती लिफ्टने लावायला सांगा.

तरीही थांबा. तुमच्याकडे पहिल्या दहा तारखांना महिन्याचा किराणा भरणारी घरं असतील. त्यांच्या यादीत मिठापासून फिनेलपर्यंत सगळं असतं. अशा लांबलचक बिलात प्रत्येक वस्तूची प्रत्येक वस्तूशी सोयरीक दिसते. ‘मोहरी घेणारा टूथपेस्ट घेतो’ अशा नियमाचा उगम बहुतेक वेळा इथेच असतो. पंधरा-वीसपेक्षा जास्त ओळींची बिलं वेगळी काढा, सुट्या खरेदीची वेगळी, आणि दोन्हींचे नियम स्वतंत्र काढा. तीनशेचे तीस उरले तर नवल नाही. उधारीच्या वहीवरचा माल बिलात चढतो की नाही, हेही एकदा तपासा. चढत नसेल तर तुमची सर्वांत जुनी गिऱ्हाइकं त्या डेटात नाहीतच.

आता मुद्द्याचं. उरलेल्या नियमांचे दोन ढीग करा. साबुदाणा आणि भगर एकत्र जातात. का? एकादशी असते, चतुर्थी असते, नवरात्र असतं. साबुदाण्यावर सूट दिलीत म्हणून कोणी जास्तीचा उपास धरणार नाही. पण आषाढी जवळ आली की दोन्हींचा माल बरोबर भरून ठेवायचा, एवढ्यासाठी हा नियम सोन्यासारखा. हा अंदाजाचा ढीग. दुसरा ढीग म्हणजे तुम्ही काहीतरी केलंत तर गिऱ्हाइकाचं वागणं बदलेल अशा नियमांचा. पोहे नेणाऱ्या त्या १२० पैकी ६६ जण शेंगदाणे नेत नाहीत. त्यांच्या घरी आहेत, की ते दुसरीकडून घेतात, की फक्त विसरतात? बिलं हे सांगत नाहीत. त्यासाठी करून बघावं लागतं. शेंगदाण्याची पाव किलोची पाकिटं एक दिवस गल्ल्यापाशी ठेवा, एक दिवस नेहमीच्या जागी. कुठला दिवस कसा, हे सकाळी नाणं उडवून ठरवा. महिन्याचा पहिला पंधरवडा असा आणि दुसरा तसा, हे मात्र नको. पगाराच्या तारखा सगळा निकाल बिघडवतील. आणि मोजायचं ते शेंगदाणे किती खपले हे नव्हे, दर बिलामागे नफा किती पडला हे. गल्ल्यापाशी पाकिटं मांडली म्हणून तिथली चॉकलेटं मागे गेली असतील, तर तो तोटा कोण मोजणार?

डायपर-बिअरबद्दल. गोष्ट अगदीच हवेतली नाही. १९९२च्या सुमारास अमेरिकेत टेराडेटा कंपनीच्या मंडळींनी ऑस्को ड्रग या दुकानांच्या साखळीची बिलं तपासली. संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान या दोन वस्तू एकत्र जाताना त्यांना दिसल्या. त्यावरून दुकानाची मांडणी बदलली आणि विक्री भरमसाट वाढली, हा पुढचा भाग भाषणं देणाऱ्यांनी जोडला. ऑस्कोने मांडणी त्यावरून बदलल्याचं कुठे दिसत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. निफाड तालुक्यात पाच एकर द्राक्षबाग आहे. आमच्या गटाने हवामान केंद्र बसवलंय, मोबाइलवर फवारणीची सूचना येते. मुलाने गटातल्या वीस-बावीस बागांच्या फवारणीच्या डायऱ्या आणि रोगाच्या नोंदी एकत्र केल्या. त्याच्या प्रोग्रॅमने निष्कर्ष काढला की ज्या प्लॉटवर फवारण्या जास्त तिथे डाऊनी (केवडा) रोगही जास्त. मुलगा म्हणतो, फवारण्या निम्म्या करू. मला धीर होत नाही. अडाणी म्हणून मी मागे राहतोय का?

उत्तर : भाऊ, तुमचा धीर होत नाही हेच बरोबर आहे. मुलाची मेहनत वाया गेलेली नाही, पण त्या नियमावरून फवारणी निम्मी करू नका.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गची एक हकिगत सांगते, मुलालाही वाचून दाखवा. १९९०च्या दशकात तिथल्या संशोधकांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवर मशीन लर्निंगच्या अनेक पद्धती लावून पाहिल्या. कोणाला इस्पितळात ठेवायचं आणि कोणाला औषधं देऊन घरी पाठवायचं, हे ठरवायला मदत व्हावी, एवढाच हेतू. त्यातल्या नियम काढणाऱ्या पद्धतीने एक नियम दिला: ज्याला दमा आहे त्याला न्यूमोनियाने मरण्याचा धोका कमी. डॉक्टर चक्रावले. दमेकऱ्याला न्यूमोनिया म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. धोका कमी कसा? नोंदी खोट्या नव्हत्या. झालं असं होतं की दम्याचा रुग्ण न्यूमोनिया घेऊन आला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवत होते. तिथल्या कसून उपचारांनी तो वाचत होता. यंत्राला ‘दमा’ हा रकाना दिसला, ‘वाचला’ हा रकाना दिसला, मधली धावपळ दिसली नाही. तो नियम पाळून दमेकऱ्यांना घरी पाठवलं असतं तर त्यांच्या जिवावर बेतलं असतं.

पुढचं आणखी महत्त्वाचं आहे. त्याच नोंदींवर न्यूरल नेटवर्कचा, म्हणजे ज्याचा आतला हिशोब माणसाला वाचता येत नाही अशा पद्धतीचा, अंदाज सर्वांत अचूक आला होता. पण त्या गटात काम करणाऱ्या रिच कॅरुआना यांचं म्हणणं पडलं की नियमांच्या पद्धतीने ही चूक निदान उघड्यावर आणली; न्यूरल नेटवर्कच्या पोटात अशा किती दडल्या असतील कोणास ठाऊक. ते रुग्णांवर वापरलंच गेलं नाही. कॅरुआना आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली याच विषयावर पुन्हा लिहिलं, तेव्हा माणसाला वाचता येईल आणि दुरुस्त करता येईल अशीच पद्धत त्यांनी पुढे केली.

तुमच्या गटात हेच झालंय. नदीकाठची, दाट पसाऱ्याची, सकाळी उशिरापर्यंत दव न सुकणारी बाग ज्याची, तो घाबरून जास्त फवारणार. डाऊनी तिथे मुळातच जास्त येणार. फवारणीने रोग वाढला नाही. रोगाच्या भीतीने फवारणी वाढली. मुलाच्या तक्त्यात फवारणीची तारीख आहे, पण त्या दिवशी तुम्ही का फवारलं हे नाही. डायरीत एक रकाना वाढवा: ‘कारण’. पाऊस झाला, पानावर डाग दिसला, शेजाऱ्याने फवारलं म्हणून, सूचना आली म्हणून, दुकानदाराने सांगितलं म्हणून. एका छाटणीपासून काढणीपर्यंत हा रकाना प्रामाणिकपणे भरलात, तर तो हवामान केंद्राइतकाच उपयोगी पडेल.

सूचनांबद्दल थोडं. डाऊनीसाठी बाल्दाच्ची या इटालियन शास्त्रज्ञाने १९४७ साली एक सुटसुटीत नियम दिला, ‘तीन दहा’ नावाने तो ओळखला जातो: तापमान १० अंशांच्या वर, फुटी १० सेंटिमीटरच्या, आणि एक-दोन दिवसांत १० मिलिमीटर पाऊस, तिन्ही जुळलं की पहिल्या लागणीचा धोका. इटलीच्या वसंत ऋतूत तापमानाची अट खरोखर काम करते. तुमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पारा दहाच्या वरच असतो. निफाड गारठतं ते डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे ऐन पावसाच्या दिवसांत तीनपैकी एक अट कायम पुरी झालेली. नियम चुकीचा नाही, तो तिथल्या हवेत तासलेला आहे. मोबाइलवर येणाऱ्या सूचनेमागे कुठल्या हवेतले आकडे आहेत, हे केंद्र बसवणाऱ्याला विचारा. सूचना देणारा आणि औषध विकणारा एकच आहे का, हेही विचारा. असला म्हणजे तो खोटं बोलतो असं नाही, पण यंत्राला ‘चुकलं’ म्हणजे काय हे कोणी शिकवलं, ते कळायला हवं. न फवारल्याने रोग आला तर चूक, पण विनाकारण फवारलं तर चूक नाही, असं शिकवलेलं यंत्र रोज फवारायलाच सांगणार.

आणि एक हिशोब. समजा एका फवारणीचा एकरी खर्च २,००० रुपये धरला, आणि लागण सुटली तर एकरी नुकसान १,००,००० रुपये. फवारणीने ते पूर्ण टळतं असं मानलं, तर धोका २ टक्क्यांच्या वर गेला की फवारणं परवडतं. मग ‘खात्री ७० टक्के झाल्यावरच सूचना देऊ’ म्हणणारं यंत्र तुमच्या काय कामाचं? ‘फवारा’ किंवा ‘फवारू नका’ यापेक्षा धोक्याचा आकडा मागा, निर्णय तुम्ही घ्या. फक्त त्या २,००० रुपयांत औषध, डिझेल, मजुरी एवढंच धरू नका. काढणी जवळ आली असेल तर अवशेषांमुळे निर्यातीचा माल परत येण्याची भीती, आणि एकच औषध पुनःपुन्हा मारून ते लागू पडेनासं होणं, हेही खर्चच आहेत. काढणीपूर्व कालावधीची, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायच्या दिवसांची, अट मात्र हिशोबात धरायचीच नाही. ती मोडायची नसते, बस्स.

मुलाला खरंच उत्तर शोधायचं असेल तर त्याला वीस ओळी द्या, सगळी बाग नको. वीस चिठ्ठ्या करा, दहांवर लाल आणि दहांवर पिवळं लिहा, आणि ओळीगणिक एक उचला. लाल ओळींवर तुमची नेहमीची फवारणी, पिवळ्यांवर सूचना आली तरच. खांबाला त्या रंगाची सुतळी बांधा. वारा फवारा उडवतो, म्हणून चाचणीच्या दोन ओळींमध्ये एक ओळ मोकळी सोडा. तिच्यावर नेहमीसारखंच फवारा, पण ती मोजू नका. दर आठवड्याला प्रत्येक ओळीतल्या ठरावीक दहा वेलींची दहा-दहा पानं उलटून डाग मोजायचे, आणि मोजणाऱ्याला सुतळीच्या रंगाचा अर्थ माहीत नसावा. मुलाला मोजायला लावू नका, त्याला पिवळं जिंकायला हवंय! घड कोवळे असताना (दोडा अवस्थेत) सलग पाऊस लागला तर चाचणी गुंडाळून ठेवा आणि सगळीकडे फवारा. घड गेल्यावर आकडे घेऊन काय करायचे?

प्रश्न : तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजमध्ये शिकवतो. संस्थेने एक सॉफ्टवेअर घेतलं आहे, ते बारावीत नापास होऊ शकणाऱ्या मुलांची यादी देतं. यादीसोबत नियमही येतो: घर कॉलेजपासून लांब, वडिलांचं शिक्षण कमी, आणि पहिल्या घटक चाचणीत गणित कच्चं. सांगा मॅडम, मी मुलाचं घर जवळ आणू की वडिलांना शाळेत घालू? जादा तासाला जागा तीसच आहेत. यादीतले वरचे तीस घेऊ का?

उत्तर : सर, तुमचा वैताग अगदी रास्त आहे. याच अडचणीवर झ्बिग्निएव्ह रास आणि अलिचा विएचोर्कोव्स्का या दोघांनी २००० साली एक कल्पना मांडली, ‘अ‍ॅक्शन रूल्स’. रकान्यांचे आधीच दोन भाग करायचे: आपल्या हातात नसलेले आणि आपल्याला हलवता येणारे. मग यंत्राला ‘कोण नापास होईल’ असं विचारायचं नाही. ‘न हलणाऱ्या गोष्टी आहेत तशाच ठेवून, हलणाऱ्यांपैकी काय बदललं असता अशीच मुलं पास झालेली दिसतात’, असं विचारायचं.

तुमच्या यादीत अंतर आहे. अंतर हलत नाही. पण लांबची मुलं कुठल्या तासाला गैरहजर असतात ते हजेरीपटात बघा. एसटी पावणेआठला येत असेल आणि गणिताचा तास साडेसातला असेल, तर तो नियम मुलांबद्दलचा नाहीच, वेळापत्रकाबद्दलचा आहे. गणित तिसऱ्या तासाला न्या. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही आणि जादा तासाची जागाही अडत नाही.

वरचे तीस सरसकट घेऊ नका. सर्वांत जास्त धोका असलेल्यांपैकी काहींना जादा तासाने फरक पडणार नाही. त्यांची अडचण गणित नसून शेतातलं काम किंवा घरचं आजारपण असेल, तिथे घरी जाऊन बोलणंच उपयोगी. तळचे तसेही पास होतात. तास कोणाच्या कामी येतो, हे कळायचं असेल तर मधल्या साठ जणांची यादी करा आणि तीस जागा चिठ्ठ्या टाकून भरा. कोणाला तरी वगळावं लागणारच आहे, मग चिठ्ठी हा सर्वांत न्याय्य मार्ग. वर्षअखेरीस दोन्ही गटांची तुलना केलीत की पुढच्या वर्षीच्या तीस जागा कशा भरायच्या, याचं खरं उत्तर तुमच्याच कॉलेजचं असेल.

ती यादी नोटीस बोर्डावर लागणार नाही, एवढं मात्र आजच बघा.

प्रश्न : मॅडम, लातूरला बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोयाबीनच्या रोगांवर प्रोजेक्ट करायचाय. मित्र म्हणतात डिसिजन ट्री (एकेक प्रश्न विचारत फांदी-फांदीने निर्णयापर्यंत नेणारं नियमांचं झाड) म्हणजे जुनं झालं, डीप लर्निंग (अनेक थरांचं न्यूरल नेटवर्क) कर. यंत्राने काढलेले नियम तज्ज्ञांपेक्षा खरंच चांगले असतात का?

उत्तर : तुझाच विषय, आणि तुझ्या जन्माच्या आधीचा. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये मिखाल्स्की आणि चिलॉस्की यांनी १९८० साली सोयाबीनच्या रोगनिदानाचे नियम दोन प्रकारे बनवले: एक संच तज्ज्ञाला विचारून, दुसरा सुमारे तीनशे रोगट झाडांच्या नोंदींवरून यंत्राने काढलेला. नव्या झाडांवर तपासल्यावर तज्ज्ञाच्या संचाचं पहिलं निदान ७२ टक्क्यांच्या आसपास बरोबर आलं, यंत्राच्या संचाचं ९७च्या वर. पण पानावरचा डाग, शेंग, खोड, पाऊस, महिना असे पस्तीसेक रकाने बघायचे हे वनस्पतिरोगाच्या जाणकारांकडूनच आलं होतं. ते रकाने नसते तर यंत्र काय शिकणार होतं?

डिसिजन ट्री जुनं आहे, खरंय. म्हणून टाकायचं का? रॉबर्ट होल्टे यांनी १९९३ साली दाखवलं की तेव्हाच्या प्रचलित डेटांपैकी बऱ्याच ठिकाणी एकाच रकान्यावर बेतलेला नियमही मोठ्या झाडाच्या जवळपास पोचतो. आधी तो एका रकान्याचा नियम काढ. मग तीन पातळ्यांचं झाड. त्याहून पुढे काही हाती लागत असेल तरच डीप लर्निंगकडे जा. फोटोंवर काम करायचं असेल तर तिकडे जावंच लागेल, ते वेगळं.

तुझा नियम कसा दिसावा, यासाठी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा नियम समोर ठेव: कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन दिवस रोज आठ ते दहा पतंग आले की उपाय सुरू करायचा. कशाने मोजायचं, किती, किती दिवस, आणि मग काय करायचं, सगळं आलं. ‘आर्द्रता जास्त असल्यास रोगाची शक्यता वाढते’ असं लिहून आणलंस तर परीक्षक मार्क देतील, पण शेतकऱ्याला त्यातून काही करता येणार नाही.

चाचणीसाठी नोंदी बाजूला काढताना त्या सरमिसळ करून वीस टक्के उचलू नकोस. एकाच शेतातल्या शेजारच्या दोन झाडांपैकी एक शिकायला आणि एक तपासायला गेलं की निकाल फुकटचा चांगला येतो. एक अख्खा तालुका किंवा एक अख्खा खरीप हंगाम बाजूला ठेव, आणि डिसिजन ट्री पुरतं तयार होईपर्यंत त्या फायलीला हात लावू नकोस.